हिराकाकूची पाहुणी

फाटकाशी कुणी दिसलं की हिराकाकू आधी कुत्रं बांधायची, मग पाणी द्यायची. पौडच्या पुढं आमची वाडी; आमची घरं लागून. मी रोज जाणारी, तरी माझ्यासाठीही बांधायची. "त्याचा काय भरवसा न्हाई बाई," म्हणायची.

तिच्या पोटात सासूची किडनी होती. स्वतःच्या दोन्ही निकामी झाल्या तेव्हा पार्वताआजीनं आपली एक दिली होती. काकू हसून सांगायची, "आदी घरात लक्ष ठिवायच्या, आता पोटात बसून ठिवत्यात." आजी डोळे वटारायची आणि गोळ्या घ्यायला लावायची. कसल्या गोळ्या, असं मी एकदा काकूला विचारलं.

"अंगातलं कुत्रं बांदायच्या. न्हाईतर त्ये पोटातल्या पावणीलाच चावंल."

"आणि चोर आला तर?"

"त्यो बी येईल की," म्हणत तिनं भाकरी उलटली.

मागच्या वर्षी भाकरी थापतानाच तिचा उजवा हात लुळा पडला, तोंड वाकडं झालं. अंगावरून वारं गेलं, असं सगळेच म्हणाले. तिच्या वडिलांनाही तसंच झालं होतं. दारं-खिडक्या लावल्या, कोमट तेलानं हात चोळला, घाटाखाली लकव्याचं औषध देणाऱ्याकडं नेलं. त्याआधी तिचं डोकं दुखत होतं, बारीक ताप होता. ते कुणी धरलंच नाही. गुंगी वाढली तेव्हा पुण्याला नेलं. कॉलेजात जाणारी म्हणून मलाही सोबत घेतलं.

डॉक्टरांनी गोळ्यांची पाकिटं पाहिली, पुन्हा तपासण्या केल्या. म्हणाले, हा लकव्याचा झटका नाही, मेंदूत बुरशीचा संसर्ग झालाय. गोळ्यांनी प्रतिकारशक्ती दाबलेली असली की तो असाही दिसतो. औषध सुरू करू, पण किडनीच्या गोळ्या कमी कराव्या लागतील. मग कदाचित किडनी जाईल.

काका भिंतीला टेकून उभे राहिले. बाहेर बाकावर बसलेल्या आजीला हे कसं सांगावं मला कळेना. मीच चाचरत म्हणाले, कुत्रं सोडावं लागेल.

"पावणीला चावंल?"

मी मान डोलावली.

"सोडा," आजी म्हणाली. "माझी किडनी जाऊ द्या. सून ऱ्हाऊ द्या."

उशीर झाला होता. काकू गेली. किडनी मात्र शेवटपर्यंत चालू होती, असं डॉक्टर म्हणाले.

तेराव्याला माणसं आली तसं कुत्रं भुंकू लागलं. काका साखळी घेऊन उठले. आजीनं त्यांचा हात धरला.

"नगं बांदू," ती म्हणाली. "भुकू दे त्याला."