भिंतीवरचा पोतारा

आमी राह्यतो ते पयले घर नव्हतं, कापसाच्या जिनिंगचं गोदाम होतं. जिनिंग बंद पडली अन् ते दगडाचं गोदाम माह्या सासऱ्यानं घेतलं. भिंती दोन-दोन हात जाड, उंची एवढी का वर पाह्यलं तं मान दुखे, अन् आत काहीच नाई, नुसती एक लांबच्या लांब खोली. मी लग्न होऊन आली तवा दोघं भाऊ मधात ताडपत्री बांधून त्याच्यातच राह्यत.

मंग माह्या भासऱ्यानं, म्हंजे नवऱ्याच्या मोठ्या भावानं, ठरवलं का आतल्या आतच एक मजला टाकाचा. वर ते अन् माही जाऊ, खाली आमी. दारव्ह्याहून एक बुढा मिस्त्री आनला. त्यानं गर्डर बसवाले भिंतीत भोक पाडलं अन् तिथंच हात थांबवला. बाहेरून दगड, आतून दगड, पन मधात नुसता चुन्यामातीचा भुगा, तो भदभद सांडे, पोत्याचं तोंड सुटल्यावानी.

मिस्त्री म्हने, "पाटील, हिचं पोट भुसभुशीत हाय. हे भिंत आपलं छप्पर पेलते, तुमचा मजला नाई पेलाची. जमिनीतून खांब उभे करा, मजला अन् जिना त्याच्यावर ठेवा. भिंतीले टोचू नका."

भासरे म्हने, "खांब टाकले तं खाली जागा काय राह्यते? घर पाह्यजे मले, ढोरायचा कोठा नाई."

"मंग दुसरा मिस्त्री पाहा."

"जा मंग. भिंत दोन हात जाड हाय, तुही छाती इतभर बी नाई."

बुढा गेला. दुसरा आला, त्यानं हो ला हो म्हटलं. गर्डर भिंतीत घुसवले, वर फरश्या टाकल्या. जिनाही तसाच, दगडाच्या पायऱ्या, एक टोक भिंतीत खोसलेलं, दुसरं लोखंडी पट्टीवर. जिन्याखाली जागा उरली तिथं आमची बाज. त्याच वर्षी माही पोरगी झाली, अन् तिची झोप तिथंच, त्या पायऱ्यायच्या खाली.

पयले तिच्या डोळ्यात पांढरं पडलं. मले वाटलं पीठ असन. मंग रोजच पडाले लागलं, वरून कोनी उतरलं का पडे. वर पाह्यलं तं चौथ्या पायरीच्या टोकापासून भेग निघालेली, तिरपी, नखाएवढी.

मी सातवीपर्यंत शिकली, मले भिंतीतलं काय कळते. पन सासू म्हने, "पाव्हने येतात, भिंत काहून अशी ठेवली, पोतारा मार." मंग मी पांढऱ्या मातीत फडकं बुडवून पोतारा मारला. भिंत गोरीगोमटी. आठ दिवसांत पोतारा तिथंच फाटला. परत मारला, परत फाटला. नखाची भेग बोटाची झाली. दर बाजाराच्या दिवशी मी तिले झाकू अन् ती उघडी पडे, पन हात थांबत नव्हता, कारन पोतारा नाई मारला तं मी आळशी.

नवऱ्याले सांगतलं तं तो म्हने, "तू पालीले बी भेते."

"पालीनं पोरीच्या डोळ्यात चुना पडत नाई."

"बरं, दादाले सांगतो."

दादाले म्हंजे भासऱ्याले. मी कायले सांगन. आमच्याकडं भासऱ्याशी तोंडानं बोलत नाई, डोक्यावर पदर घ्याचा, भिंतीकडं पाह्याचं, सांगाचं असन तं लेकराच्या तोंडून सांगाचं. पाच वर्षांत मी त्यायच्याशी एक शब्द बोलली नव्हती.

नवऱ्यानं सांगतलं, कसं सांगतलं देव जाने. भासऱ्यानं त्याच दुसऱ्या मिस्त्रीले बोलावलं. त्या दिवशी सकाळीच सासूनं मले सांगतलं, मिस्त्री येऊन राह्यला, भिंत घान दिसते. मी पोतारा मारला. ओला वाळला तवा मिस्त्री आला. त्यानं टकटक केलं, वर पाह्यलं, म्हने, "चकाचक हाय."

जाऊ वरून हासली. "आमच्या धाकलीले माती खाचे डोहाळे लागले असतीन परत."

सगळे हासले. मी चुलीजवळ पदर घेऊन उभी. त्या पोताऱ्याच्या मांगं भेग हाय, मीच झाकली, एवढंच सांगाचं होतं. भासरे समोर होते.

मंग कापूस निघाला. भाव वाढतीन म्हनून भासऱ्यानं तो वर भराले घेतला, गाठोड्यावर गाठोडं. मी सकाळी भेगीवर ओल्या मातीचं एक बोट फिरवलं, झाकाले नाई, पाह्याले. घडीभरानं पाह्यलं तं माती वाळलीच नव्हती अन् मधून फाटली होती. ओली माती फाटली म्हंजे आत्ता, आत्ता भिंत चालून राह्यली.

मी पोरीले बाजेवरून उचललं, काखेत घेतलं अन् जिन्याच्या तोंडाशी जाऊन उभी राह्यली. समोरून भासरे डोक्यावर गाठोडं घेऊन आले.

मी म्हटलं, "दादा, वर जाऊ नका."

ते उभेच राह्यले. भिंतीकडं पाहून माह्या पोरीले म्हने, "बाई, तुह्या मायले म्हन बाजूले हो."

"मी नाई होत. भिंत फाटून राह्यली."

सासू अंगनातून म्हने, "लाज हाय का तुले? कोनाशी बोलून राह्यली?"

त्यायनं मले कोपरानं सरकवलं अन् चढले. एक, दोन, तीन. चौथी पायरी भिंतीतून दातासारखी निघाली. गाठोडं एकीकडं, भासरे गुडघ्यावर, अन् तो दगड आमच्या बाजेवर. उशीच्या जागी. बाजेचा मधला दोर तुटला. माह्या काखेत पोरगी, तिच्या केसावर चुना.

भासऱ्याचा गुडघा अजून वाकत नाई. त्या दिवशी खाली बसल्या बसल्या त्यायनं पयल्यांदा माह्याकडं पाहून इचारलं, "माहीत होतं तं बोलली काहून नाई?"

मी पोरीच्या केसातला चुना झटकला.

बुढ्या मिस्त्रीले परत आनलं. त्यानं पयले कापूस खाली उतरवाले लावला, मंग गर्डरखाली सागाचे टेकू दिले, मंग खांब. पोतारा खरवडला अन् इचारलं, "हे कोनं झाकलं?"

"मी."

"माती आमी बी लावतो, पोरी. फाटते का ते पाह्याले लावतो."

आता माह्या खोलीत सहा खांब हायत, बाज त्यायच्या मधात तिरपी पडते. तेच खांब, जे नको होते. वर कोनालेच तरास नाई. गावात सांगतात, धाकली भासऱ्याले उलटून बोलली तवाच तो पडला. पाव्हने येनार असले का सासू पोताऱ्याचं फडकं माह्याकडं फेकते. मी ते उचलत नाई. त्या भिंतीले आता पोतारा नाई, नुसतं मातीचं एक बोट, अन् सकाळी उठली का पयले मी तेच पाह्यते.