शेवटपर्यंत फुंकणारा ड्रायव्हर

"माझा काय चुकला तर सांगा हां," हे त्याचं पहिलं वाक्य असायचं. काही चुकायच्या आधीच! बस वेळेवर आणली तरी हेच, टपरीवर बाकावर कुणाशेजारी बसला तरी हेच. असा माणूस तुम्हीही पाहिला असेल, साहेब लांबून दिसला की शर्टाचं वरचं बटण लावणारा.

ऐंशीच्या दशकात अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या कंपनीत तो तीन नंबरची बस चालवायचा. मूळचा मालवणकडचा, घाटकोपरला एका खोलीत बायकोबरोबर राहायचा. दारूचा त्याने धसकाच घेतला होता, कारण बाप तिच्यापायी गेला होता. कंपनीच्या सहलीत कुणी बाटली उघडली की हा उठून बसमध्ये जाऊन बसायचा. "वास इलो तरी पोटात गोळा येता," म्हणायचा. आम्ही मेले हसायचो.

मग दुसऱ्या एका ड्रायव्हरने पिऊन गाडी भिंतीवर घातली आणि कंपनीने श्वास तपासायचं मशीन मागवलं. नळीत फुंकायचं, काटा लाल पट्ट्यात गेला तर माणूस प्यालेला. तीनदा लाल, तर नोकरी गेली.

मी मीटर-दुरुस्ती खात्यात नवा होतो, प्रोबेशनवर; घरी आई एकटी, माझ्याच पगारावर. गेटच्या केबिनमध्ये ते मशीन मीच बसवलं. तिथे टेबल एकच, त्यावर वॉचमनचा वायरलेस. मी मशीन त्याला अगदी खेटून ठेवलं. सोबतच्या माहितीपुस्तकाचं फक्त पहिलं पान वाचलं आणि ड्रायव्हरांना रुबाबात सांगितलं, "काटा थांबेपर्यंत फुंकायचं."

कोण ऐकतंय! सगळे एक फूं करून मोकळे. हा मात्र रोज सकाळी शेवटपर्यंत फुंकायचा. तोंड लालबुंद, मानेच्या शिरा ताठ. जुना वॉचमन गालातल्या गालात हसत थांबायचा, फुंकून झालं की मगच वायरलेसवर बोलायचा. मग त्या वॉचमनची बदली झाली आणि नवा आला तो घाईचा. "अरे बस कर रे, फुगा फुगवतोयस काय?" म्हणत त्याने वायरलेसचं बटण दाबलं आणि पलीकडच्या गेटला कळवलं, "तीन नंबर सुटतेय!"

काटा लाल पट्ट्यात.

दुसऱ्या दिवशीही तेच. दुपारी तो माझ्याकडे आला. "साहेब, न पिता चढता काय हो? बायकोक तोंडाचो वास घेवक लावलंय. ती म्हणता, काय नाय. पण मशीन कित्याक खोटा बोलात?" त्याचे डोळे पाहून मलाच धडकी भरली. काहीतरी खाण्यात आलं असेल, असं म्हणून मी वेळ मारून नेली.

तिसऱ्या दिवशी मी मुद्दाम केबिनमध्ये उभा राहिलो. बाजूला सिक्युरिटी ऑफिसर. हा फुंकत होता. वॉचमनचा अंगठा बटणावर गेला आणि त्याच क्षणी काटा उडाला. मी स्वतः पाहिलं! तेव्हाच ओरडायला हवं होतं, पण मशीन तिथे ठेवलं कुणी, हा प्रश्न पुढे येणारच होता. मी मशीनची नळी पुसायला घेतली.

ऑफिसर त्याला म्हणाला, "प्यायलो होतो असं लिहून दे आणि राजीनामा टाक. नाहीतर सरळ पोलिसांत देतो."

पोलिसांचं नाव निघताच त्याने सही केली. मी बघत होतो.

जेवणाच्या सुट्टीत केबिन रिकामी होती. मी नळीत फुंकलं, काटा जागचा हलला नाही. पुन्हा फुंकताना वायरलेसचं बटण दाबलं. लाल! पोटात माझ्या सकाळचा चहा आणि दोन पाव. माहितीपुस्तकाचं दुसरं पान तेव्हा उघडलं: मशीन वायरलेसजवळ ठेवू नये.

संध्याकाळी घाटकोपरला त्याच्या खोलीवर गेलो आणि उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. त्याची बायको स्टोव्हपाशी बसली होती, ती एकदम वळली.

"म्हणजे हे खरंच पिऊक नव्हते?"

त्याने तिच्याकडे असं पाहिलं, की मी नजर फिरवली. मग मला म्हणाला, "तुमचा प्रोबेशन कधी संपता?"

"अजून दीड महिना आहे."

"मग तवसर गप ऱ्हवा. तुमच्या आवशीक दुसरो कोण आसा? माझी सही तर झालीच."

दीड महिना मी गप्प राहिलो. त्याने सांगितलं म्हणून, असं मी पुढे कित्येक वर्षं म्हणत आलो. खोटं आहे ते. मी घाबरलो होतो.

नोकरीत कायम झालो त्याच दिवशी ऑफिसरला सगळं करून दाखवलं. त्याने वायरलेस केबिनच्या दुसऱ्या टोकाला हलवला. "पण त्याने कबूल केलंय ना?" म्हणाला, आणि फाईल मिटली.

तसाच घाटकोपरला गेलो. खोलीला कुलूप होतं. शेजारीण त्याच्याच गावची. तिने सांगितलं, दोघं गावाला गेली. तिकडे कुणी विचारलं, दारूपायी नोकरी गेली काय रे, तर तो मान खाली घालून हो म्हणतो.