पपांच्या टाकीतल्या गोगलगाई

जर्मनीतल्या ब्रेमरहाफनच्या मासळी बंदरामागे, एका अरुंद विटांच्या घरात दोघी बहिणी राहत होत्या. खाली धाकटी हाइड्रून, वर थोरली आल्मूट. जिन्याच्या पायथ्याशी, दोघींच्या येण्याजाण्याच्या वाटेवर, वडिलांची माशांची टाकी होती. हिवाळ्यात वडील गेले आणि तेव्हापासून दोघींत अबोला होता.

तसं पाहिलं तर वडिलांचं सगळं हाइड्रूननेच केलं. नवऱ्याशी फारकत घेऊन ती माहेरी आली ती कायमचीच. सकाळी बेकरीच्या काउंटरवर उभं राहायचं आणि दुपारनंतर पपांचं पाहायचं. आल्मूट जहाजावर स्वयंपाकीण. नॉर्वेच्या फेऱ्या करणाऱ्या बोटीवर तिचं आयुष्य गेलं. घरी आली की पाहुणीसारखी यायची, खारवलेला मासा आणि लोकरीचे मोजे घेऊन. पपा गॅस चालू ठेवून विसरायला लागले, दोनदा जिन्यावरून पडले, तेव्हा हाइड्रूनने एकटीनेच ठरवलं आणि त्यांना वृद्धाश्रमात ठेवलं. निघताना म्हातारे ओनो टाकीपाशी थांबले. आत नखाएवढ्या लाल कोळंब्या शेवाळ खुडत होत्या. त्या त्यांनी स्वतः वाढवलेल्या, पिढ्यान्‌पिढ्या निवडत निवडत इतक्या लालभडक केलेल्या.

"यांना कोण बघेल?" त्यांनी विचारलं होतं.

"मी बघेन ना पपा. चला, गाडी थांबलीय."

पपांनी तिथे एक हिवाळासुद्धा पुरा काढला नाही. दफनानंतर सगळे चहाला बसले, लोणी-साखरेच्या केकचं ताट फिरत होतं, आणि नुकतीच नोकरीतून निवृत्त होऊन परतलेली आल्मूट सगळ्यांदेखत म्हणाली, "तुला जड झाले होते पपा. म्हणून टाकून आलीस."

 त्या दिवसापासून हाइड्रून तिच्याशी बोललीच नाही.

गोगलगाई दिसल्या त्या उन्हाळ्याच्या शेवटी. आधी काचेवर दोनचार तपकिरी ठिपके. मग पानांच्या खाली चिकट, पारदर्शक अंड्यांचे पुंजके. बघता बघता काच, फिल्टरची नळी, पानं, सगळीकडे त्यांचीच वर्दळ. हाइड्रूनच्या मनात पहिली शंका आली ती वरच्या मजल्याची. हिनेच कुठून तरी एखादी पाणवनस्पती आणून घातली असणार. पपांच्या टाकीची हिला काय किंमत!

ती काकडीची चकती दोऱ्याला बांधून रात्रभर पाण्यात सोडायची. सकाळी चकतीवर गोगलगाईंचा गच्च थर. तो काढून उकळत्या पाण्यात टाकताना तिला कसंतरी व्हायचं, पण ती टाकायची. चार दिवसांनी काच पुन्हा तशीच.

शेवटी ती हार्म्सच्या दुकानात गेली. हार्म्स पपांचा जुना मित्र, तोंडाचा फटकळ. गिऱ्हाइकापेक्षा माशांशी जास्त प्रेमाने बोलणारा.

"गोगलगाई आभाळातून पडत नाहीत पोरी," तो म्हणाला. "एखादी येते पानाबरोबर. पण तिचं गोकुळ होतं ते उरलेल्या खाण्यावर. किती घालतेस खायला?"

"पपा घालायचे तेवढंच. सकाळी एक चिमूट."

"आणि दुसरं कुणी?"

"दुसरं कोण आहे? ती वरची ढुंकूनही बघत नाही."

"मग दिवसाआड घाल. काच पूस, तळ साफ कर. कमी होतील, वेळ लागेल."

"एखादं औषध नाही का?"

"आहे. तुला देणार नाही. त्यात तांबं असतं. गोगलगाई मरतील आणि ओनोच्या कोळंब्या त्यांच्या आधी मरतील. बापाचं नाव बुडवू नकोस."

हाइड्रूनने दिवसाआड घालून पाहिलं. गोगलगाई हटेनात. आणि एके दिवशी कामावरून परतताना दुसऱ्याच एका मोठ्या दुकानातून तिने ती बाटली घेतली. बाटलीवर कोळंबीचं चित्र होतं, त्यावर तांबडी फुली. तिने ते पाहिलं. न पाहिल्यासारखं केलं असं नाही. चांगलं निरखून पाहिलं. मग स्वतःला समजावलं की अर्धंच घालू, अर्ध्याने काय होतंय.

रविवारी दुपारी आल्मूट चर्चच्या गायनाला गेली असताना तिने थेंब मोजून पाण्यात सोडले.

संध्याकाळपर्यंत गोगलगाई काचेवरून टपाटप गळून तळाशी पडल्या. पाणी दुधट झालं, मासे वर येऊन तोंडं उघडू-मिटू लागले. घाबरून तिने बादल्यांनी निम्मं पाणी बदललं. मासे सावरले. कोळंब्या मात्र कुठे दिसेनात. लपल्या असतील, असं म्हणत ती झोपली; म्हणजे नुसती पडून राहिली.

सकाळी बेकरीत जायची घाई म्हणून, की दिवा लावायचा धीर झाला नाही म्हणून, ती अंधारातच टाकीवरून पुढे गेली. दुपारी परतली तेव्हा आल्मूट जिन्याच्या खालच्या पायरीवर बसलेली. मांडीवर चहाची बशी, बशीत ओल्या कागदावर ओळीने मांडलेल्या कोळंब्या. लाल रंग जाऊन उकडल्यासारख्या फिक्या गुलाबी झालेल्या.

"हाइड्रून," ती म्हणाली. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा. "मी मारल्या गं यांना."

हाइड्रूनने पावाची पिशवी खाली ठेवली.

"तू कामावर गेलीस की मी रोज घालायचे खायला. मला वाटायचं तू विसरतेस. संध्याकाळी पण घालायचे. उकडलेला पालक, काय काय. खायला घालण्याशिवाय मला दुसरं येतंय काय? आयुष्यभर तेच केलं." आल्मूटने बशी पायरीवर ठेवली. "पपांना तिथे भेटायला मी एकदाच गेले. एकदाच! म्हटलं, निदान यांचं तरी करू. तर त्याचंही वाटोळं केलं. पाणी सडलं असणार."

आत्ता कुठे हाइड्रूनच्या डोक्यात प्रकाश पडला. सकाळी आपण, आपण गेल्यावर ही, संध्याकाळी परत ही. तिप्पट खाणं! गोगलगाईंची चंगळच झाली होती. दोघींपैकी एकीने एकदा, फक्त एकदा विचारलं असतं, "तू घातलंस का गं?"

तोंड उघडून खरं सांगायची वेळ हीच होती. पण आल्मूटने हात पुढे करून तिचा हात धरला होता, आणि त्या हाताची तिला इतकी भूक होती की ती एवढंच म्हणाली, "होतं असं कधी कधी. चल, चहा टाकते."

त्या दिवसापासून आल्मूट रोज खाली चहाला येऊ लागली. कपातल्या खडीसाखरेवर गरम चहा ओतल्यावर ती कडकन फुटण्याचा आवाज दोघी लहानपणीसारख्या कान देऊन ऐकायच्या. आल्मूट बोटीवरचे किस्से सांगायची, हाइड्रून हसायची, आणि हसता हसता तिचं लक्ष सिंकखालच्या कपाटाकडे जायचं. बाटली तिथेच होती. आल्मूट मधूनच म्हणायची, "माझ्या हाताला यशच नाही बघ," आणि हाइड्रून केकचं ताट बाजूला सारायची. सांगावं तर ही पुन्हा वर जाऊन बसेल. न सांगावं तर ही माझं पाप स्वतःच्या माथी घेऊन फिरतेय.

असं किती दिवस चाललं असतं कोण जाणे. पण एका शनिवारी हाइड्रून बाजार करून आली तर आल्मूट टाकीशी वाकलेली. पाण्यावर एक प्लास्टिकची पिशवी तरंगत होती आणि पिशवीत लाल ठिपके हलत होते.

"बघ तर! पपांनी पूर्वी कुणाला तरी दिल्या होत्या, त्यांचीच पिल्लावळ. हार्म्सने शोधून दिली. आता रोज विचारीन तुला, मगच घालीन हो खायला." तिने पिशवीची गाठ सोडायला घेतली.

"थांब!" हाइड्रून इतक्या मोठ्याने ओरडली की आल्मूट दचकली. "आत सोडू नकोस. मरतील. वाळूत अजून तांबं असेल."

"कसलं तांबं?"

हाइड्रूनने बाटली आणून तिच्या हातात दिली. आल्मूटने चष्मा लावून वाचलं. बराच वेळ वाचलं.

"तुला माहीत होतं?"

"होतं."

"आणि मी रोज तुझ्यासमोर बसून रडत होते."

"हो."

आल्मूटने पिशवी उचलून पोटाशी धरली. ती आता ओरडेल, असं हाइड्रूनला वाटलं. तिला ते हवंही होतं. पण आल्मूट शांतपणेच बोलली.

"पपांना तू पाठवलंस ते बरोबर होतं. मी असते तरी तेच केलं असतं, इतके दिवस म्हणवत नव्हतं एवढंच. पण हे... हे तू बरोबर नाही केलंस."

आणि ती वर गेली. ज्या एका वाक्यासाठी हाइड्रून हिवाळ्यापासून तळमळत होती ते मिळालं खरं, पण त्याचा आनंद मानायचं तोंड तिला उरलं नव्हतं. 

या वेळी अबोला झाला नाही. आल्मूट बोलत होती, पण बेताचं. कचऱ्याचा डबा आज बाहेर ठेवायचा आहे, वीजवाला येऊन गेला, असं. चहाला मात्र येईना. नाताळच्या आधी एकदा ती बादली घेऊन खाली उतरली. "ती वाळू काढू या. तुला एकटीला उचलायची नाही, कंबर धरून बसशील." दोघींनी बाह्या सरसावून मासे बादलीत काढले, जुनी वाळू पोत्यात भरली, काचा धुतल्या, नवी वाळू घातली. नव्या पाण्यात, फिल्टरच्या नळीवर, एक इवलीशी गोगलगाय निवांत चढत होती. कुठल्याशा अंड्यातून वाचलेली.

हाइड्रूनने ती चिमटीत धरून काढायला हात पुढे केला.

"असू दे," आल्मूट म्हणाली. "दिवसाआड खायला घातलं तर एवढ्याच राहतील. हार्म्स म्हणाला."

"कोण घालणार?"

"तूच घाल. टाकी तुझ्याकडे आहे."

तेव्हापासून हाइड्रून दिवसाआड चिमूटभर घालते, त्याहून जास्त नाही. काचेवर पाचसात गोगलगाई असतात, कधी दहा. ती त्यांना हात लावत नाही. आल्मूटच्या खोलीत खिडकीशी एक लहान टाकी आहे, तिच्यातल्या कोळंब्यांना आता पिल्लं झाली आहेत असं तिनेच जिन्यात सांगितलं. खालच्या टाकीसाठी त्यातल्या काही देऊ का, असं आल्मूटने अजून विचारलेलं नाही, आणि हाइड्रूननेही मागितलेल्या नाहीत.