हेलिकॉप्टरसाठी घातलेला मांडव

बेज्जूरकडच्या आमच्या गावात हेलिकॉप्टर म्हणजे मंत्री, हे पक्कं ठरलेलं होतं. गाव आंध्र प्रदेशात होतं त्या वर्षांत दुसरं कोणी वरून उतरलंच नव्हतं, आणि मंत्रीही निवडणूक तोंडावर आली तरच. त्यामुळे ठाण्यातला शिपाई सकाळी सायकलवरून आला आणि 'दुपारी शाळेच्या मैदानावर हेलिकॉप्टर उतरणार' एवढं सांगून घाईने परत फिरला, तेव्हा कशासाठी, असं कोणी विचारलंच नाही.

सरपंच दुकानाच्या फळ्या लावून कामाला लागले. गावभर त्यांना काकाच म्हणत. भर मैदानात त्यांनी मांडव उभा करायला घेतला. केळीचे खांब, आंब्याची तोरणं, वर रंगीत कापड. मी शाळेतला मास्तर. भीत भीत म्हटलं, "काका, मग ते उतरणार कुठं?"

"मांडवाच्या बाजूनं उतरन ना, मास्तर. पाव्हना काय उनात उभा राह्यते?"

मी मुलांकडून स्वागतगीत बसवून घेऊ लागलो. गीत तेलुगू होतं. मुलं मराठी आणि मास्तरही मराठी, त्यामुळे उच्चारांचा आनंदच होता. बायांनी सडा घालून रांगोळ्या काढल्या. म्हातारे रस्त्याच्या आणि विहिरीच्या जुन्याच दरखास्ती नव्याने घड्या घालून घेऊन आले.

दुपारी आधी आली ती जीप. तिच्यात जंगलात जखमी झालेले दोन जवान होते. एकाचा हात गळ्यात बांधलेला. दुसरा आडवा, मांडीपासून खाली नुसतं फडकं आणि त्यातून झिरपणारं रक्त. सोबतच्या डॉक्टरने मांडव पाहिला आणि तेलुगूत किंचाळला, "तीय्यंडी! तीय्यंडी!" काढा, काढा! हेलिकॉप्टर या पोरांना हैदराबादला न्यायला येतंय, रस्त्याने नेलं तर हा आडवा वाटेतच जाईल, असं तो सांगत होता, तोच डोक्यावर घरघर सुरू झाली. खाली फडफडणारं कापड पाहून पायलटने एक घिरटी घातली आणि तो नदीकडे निघून गेला. कापड पंख्यात गेलं तर सगळेच मरतील, डॉक्टर म्हणाला.

काका हातात हार घेऊन उभे होते. तो त्यांनी खाली टाकला आणि विळा उचलला. "काऊन पाहून राह्यले बे? तोडा!"

लग्नाचा मांडव उतरवतानासुद्धा आमच्याकडे दोन दिवस रुसवेफुगवे चालतात. हा मात्र बघता बघता भुईसपाट झाला. दरखास्तवाल्या म्हाताऱ्यांनी कागद कमरेला खोचून बांबू ओढले. कापड उडू नये म्हणून बाया चक्क त्याच्यावर मांडी घालून बसल्या. त्या अवतारातही एकीने डोईवरचा पदर नीट केला. मला मात्र एकच धाकधूक, ते परत येईल ना?

ते आलं आणि रांगोळीवरच उतरलं. पंखे फिरताना पाहताच मुलांनी, शिकवल्याबरहुकूम, स्वागतगीत सुरू केलं. मी हातवारे करत त्यांना गप्प करायला धावलो. स्ट्रेचरवरचा तो जवान माझ्या धाकट्या भावाच्या वयाचा असेल. डोळे किलकिले करून म्हणाला, "गाने दीजिए, मास्टरजी." त्या आवाजात त्याला काय ऐकू आलं असेल कोण जाणे. पण मुलं शेवटच्या कडव्यापर्यंत गायली.

पुढे काकांनी त्या शिपायाला भंडावून सोडलं. दिसला रे दिसला की, "तो पोरगा कसा हाय?" शिपाई रस्ता बदलून जाऊ लागला, तर काका ठाण्यात जाऊन बसू लागले. एके दिवशी शिपाई आपण होऊन दुकानावर आला. पाय काढावा लागला, पण पोरगा वाचला.

काका गुळाच्या ढेपेशेजारी बसले आणि ढसाढसा रडले. माझेही डोळे भरून आले. मग धोतराच्या सोग्याने तोंड पुसून ते शिपायाला म्हणाले, "त्याले सांगजो, गावात येऊन जा म्हना. आता बसनं ये म्हना. उतराले मी हात देतो."