शत्रुपक्षातला वीरण्णा

अप्पांचा तेलाने माखलेला तळवा दगडी छातीवरून गोल फिरतो आहे, कोवळं ऊन ज्वारीच्या दवावरून घसरत बांधापर्यंत आलेलं आहे आणि त्या उन्हात काळा दगड हळूहळू ओला, मऊ, जिवंत दिसू लागला आहे… येळवस म्हटलं की सणाआधी मला वडिलांचा हा हात दिसतो. आमच्याकडे, निलंग्याच्या त्या काळ्या रानात, मार्गशीर्षातली ही अमावस्या म्हणजे दिवाळीहून मोठी. कडब्याची खोप उभी राहायची, आत चुन्याने रंगवलेले पाच दगड पांडव म्हणून बसायचे, अव्वा — माझी आई — पहाटेपासून पालेभाज्या आणि शेंगांची भज्जी रटरटत ठेवायची आणि आंबिलीच्या मडक्यातून ताक, ज्वारी आणि लसूण यांचा असा काही आंबूस दरवळ सुटायचा की जेवायला अवकाश आहे हे पोटाला पटतच नसे. पण पांडवांची पूजा झाली, रानात आंबील शिंपडून झालं, तरी पानावर बसायला परवानगी नव्हती. आधी वीरण्णा जेवायचा.

वीरण्णा म्हणजे बांधावरच्या लिंबाखाली उभा असलेला, माझ्या तेव्हाच्या उंचीएवढा कोरीव दगड. गावोगावी वीरगळ असतात, त्यांतलाच हा एक. खालच्या पट्टीत गायींची रांग आणि त्यांच्यापुढे ढाल-तलवार घेऊन लढणारा माणूस. मधल्या पट्टीत त्याच माणसाला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा. वरच्या पट्टीत तो महादेवाच्या पिंडीसमोर हात जोडून बसलेला, आणि सर्वांत वर चंद्र-सूर्य. आमच्या घराण्याची समजूत अशी, की कोण्या काळी गावाची गुरं वळवून न्यायला फौज आली तेव्हा आमचा हा पूर्वज आडवा गेला आणि पडला. कोणती फौज, कोणता राजा, ते कुणाला ठाऊक नव्हतं. अप्पांना त्याची गरजही वाटत नसे. घरात मूल जन्मलं की त्याला तिथे नेऊन निजवायचं, सून आली की तिच्या हाताने तेल लावून घ्यायचं. मलाही त्याच मातीत निजवलं होतं. दगडाचा चेहरा झिजून सपाट झाला होता, पण बाकीचा वीरण्णा मला बोटांनी पाठ होता — उघडी छाती, कमरेला घट्ट कसलेलं आखूड धोतर, डोक्यावर बांधलेला केसांचा बुचडा आणि खांद्यापर्यंत लोंबणारी जड कर्णभूषणं. कानांच्या त्या वळणांत तेल पोचवायचं काम माझं असे.

त्याच वयात कधीतरी जत्रेत तंबूतला सिनेमा पाहिला. दिवेलागणीचा खेळ. डिझेलचा धूर, विड्या, शेजारच्या कढईतलं भज्यांचं तेल आणि माणसांचा घाम — या सगळ्या वासांच्या मधोमध, वाऱ्याने फुगणाऱ्या पडद्यावर, एक पुरातन लढाई सुरू होती. आमच्या बाजूचा राजा गोरापान. अंगावर सोन्यासारखं लखलखणारं चिलखत, डोक्याला तुरा लावलेला फेटा. आमच्याकडच्या वैशाखात तो माणूस उकडून कसा मेला नाही, हा प्रश्न मला आज पडतो, तेव्हा पडला नव्हता. मग ढोल वाजले आणि शत्रू आला. उघडी, काळीकुळकुळीत अंगं. केसांचे बुचडे. कानांत जड कर्णभूषणं. ही माणसं कारण नसताना खदाखदा हसत होती, दोन्ही हातांनी मांस ओरबाडून खात होती. मी अप्पांच्या मांडीवर ताठ बसले आणि म्हणाले, "अप्पा, ह्यो तर आपला वीरण्णा."

"हाव की," अप्पा म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात निखळ आनंद होता. आपला माणूस पडद्यावर आला होता.

थोड्याच वेळात तो मारला गेला. एकेक करून सगळेच मारले गेले — पाठीत, पोटात, तोंडावर पाय देऊन — आणि तंबूत शिट्ट्यांचा पाऊस पडला. मागून कुणीतरी ओरडत होतं, "हाना त्या काळ्याला, सोडू नका." अप्पा स्वतः काळे होते. उन्हाळा-पावसाळा उघड्या अंगाने राबलेले, खांद्यावर पंचा, कपाळावर विभूती, बास. माझ्या पाठीला टेकलेली त्यांची छाती कडक झाल्याचं मला कळलं. त्यांनी शिट्टी वाजवली नाही, उठलेही नाहीत.

घरी परतताना ते म्हणाले, "कपड्यांची अदलाबदल झाली बग त्येंची. ह्येंचं त्येंना गेलं, त्येंचं ह्येंना आलं. आपल्याकडं यिऊन ईच्यारलं असतं तर सांगितलं असतं की."

पुढे शिकले-सवरले, निलंग्याच्या जुन्या देवळाच्या भिंतीपुढे मान वर करून उभी राहिले, तेव्हा अप्पांचं ते भाबडं वाक्य किती बरोबर होतं ते उमगलं. तिथले राजे, त्यांचे शिपाई, द्वारपाल — सगळेच उघड्या छातीचे, बुचड्याचे, कानांत जड दागिने घातलेले. या उष्ण मुलखात दुसरं काय असणार? म्हणजे त्या सिनेमात खऱ्याच्या जवळ जाणारा वेश फक्त शत्रूच्या वाट्याला आला होता. नायकाला मात्र कितीतरी शतकं पुढचा फेटा आणि कुठल्या तरी थंड देशातलं चिलखत. काळाची चूक एक वेळ मी माफ करीन. पण काळा रंग, उघडं अंग, हाताने खाणं हे सगळं नेमकं वाईट माणसाच्याच अंगावर चढवायचं, हे चुकून होत नसतं. तिथे कुणीतरी बसून ठरवलेलं असतं की बघणाऱ्याने कुणाचा तिरस्कार करायचा. आणि आमचीच माणसं, तशीच काळी, तशीच हाताने खाणारी, तंबूत बसून शिट्ट्या वाजवत होती.

तंबू गेले. अलीकडे असाच एक सिनेमा लातूरला लागला. पडदा मोठा, रक्त जास्त, शत्रू अजून काळा. सुरुवातीला बारीक अक्षरांत लिहून आलं की कथेसाठी कल्पनास्वातंत्र्य घेतलं आहे, पण तेवढ्या वेळात लोक खुर्च्या शोधत होते. माझ्या भावाचा मुलगा ओंकार कॉलेजच्या पोरांबरोबर तो पुन्हा पुन्हा पाहून आला. लहानपणी वीरण्णापुढे निजवलेलं पोर ते. दिवाळीत मी माहेरी गेले, तेव्हा शेततळं खणायला जेसीबी आला होता आणि ओंकारचे मित्र लिंबाखाली उभे राहून दगडाचे फोटो काढत होते.

"आजोबा, ह्यो शत्रूचा दगड हाय," ओंकार म्हणाला. "बुचडा बघा, कानातलं बघा. आपल्या सैन्यात असले न्हवते. लोक हसलालेत आपल्याला."

अप्पा काठी टेकत पुढे आले. "तुझ्या आज्याचा आजा, त्येचा बी आजा हाय त्यो. गुरासाठी मेला."

"मंग फेटा कुठाय? चिलखत कुठाय?"

मी मध्ये पडले. देवळाच्या भिंतीचं सांगितलं, पिंडीपुढे जोडलेले हात दाखवले, शत्रूचा दगड कुणी स्वतःच्या बांधावर पुजतं का असंही विचारलं. ओंकारने शांतपणे ऐकून घेतलं. "आत्या, त्ये लोक कोट्यवधी रुपये लावून पिच्चर काढतेत. अभ्यास न करता काढत असतील व्हय?"

तरण्या पोराच्या तोंडी लागायचं धाडस माझ्या भावात उरलं नव्हतं. ओंकारने हात केला, जेसीबीचा दात दगडाच्या बुडाशी गेला, लिंबाची मुळं कडाकडा तुटली आणि वीरण्णा कमरेत मोडला. दोन तुकडे ओढ्याच्या भरावात गेले. अप्पा एवढंच म्हणाले, "मंग आता मी कुनाचा?"

त्या जागी आता पोरांनी बसवलेला फायबरचा पुतळा आहे. गोरा. चिलखत, फेटा, तुरा, सगळं सिनेमाबरहुकूम. त्या वर्षीच्या येळवशीला अप्पा खोपीत पाठ करून बसले आणि आंबिलीला त्यांनी तोंड लावलं नाही. मी ताट घेऊन गेले तर म्हणाले, "आधी त्यो जेवला का?" उन्हाळा लागायच्या आत ते गेले. त्यांना आजार होता, वय होतं, डॉक्टरांनी जे सांगितलं ते खरंच असेल. पण मला ते पटत नाही आणि मी ते पटवून घेणारही नाही.

अप्पांचा धड असा एकच फोटो निघाला. मीच शेतात काढलेला, उघड्या अंगाचा, उन्हात डोळे बारीक केलेला. ओंकारने तो मोठा करून आणला, आजोबांवरच्या मायेनेच आणला. येताना तो रडला होता हे त्याच्या डोळ्यांवरून दिसत होतं. फोटोवाल्याने अप्पांना गोरं केलं आहे. अंगात भरजरी अंगरखा घातला आहे. डोक्यावर तुऱ्याचा फेटा बसवला आहे, आणि त्याच्याखाली विभूती पार झाकून गेली आहे. माजघरात, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा तो लावला आहे.

अव्वाला आता कमी दिसतं. फोटोसमोरून जाताना ती डोक्यावरचा पदर पुढे ओढून घेते आणि अंग चोरून भिंतीकडून निघून जाते. मी एकदा तिला म्हटलं, "अव्वा, कुनाला लाजतीस? अप्पा हायत त्ये."

ती थांबली, खाली मान घालूनच म्हणाली, "तुझा अप्पा न्हाई त्यो. कुनी मोठा मानूस हाय."