करंगळीचा टेकू

पाट्या रंगवणाऱ्याचे अक्षर बोटांतून उतरते असा समज आहे. प्रत्यक्षात ते करंगळीवर उभे असते. ब्रश धरणारी बोटे हवेत असतात आणि त्यांचा सारा भार पाटीवर अलगद टेकलेली करंगळी पेलते. पेंटरकाकांनी (गल्लीत त्यांना दुसरे नाव नव्हते) हा टेकू सतराव्या वर्षी घेतला आणि पुढची बेचाळीस वर्षे सोडला नाही. दांडा खाली ओढताना श्वास रोखायचा, वळण संपले की सोडायचा. हे त्यांना कोणी शिकवले होते की हाताने आपणहून शोधून काढले होते, हे त्यांनाही सांगता आले नसते.

कंप आला तो चोरपावलांनी. आधी कपातला चहा बशीत उतरू लागला. मग शर्टाचे वरचे बटण काजात शिरेना. कामावर मात्र दोन वर्षे कुणाला पत्ता लागला नाही. करंगळीच्या जोडीला त्यांनी मनगटाखाली एक काठी घेतली, श्वास अधिक लांब रोखला आणि बारीक अक्षरांची कामे गोड बोलून टाळली. घरात बायकोने आपल्या परीने टेकू दिला. ती त्यांचा कप अर्धाच भरी, बटणे लावताना गळपट्टी नीट करण्याचा बहाणा करी, आणि पाहुण्यांसमोर "यांना हल्ली चहा सोसत नाही" म्हणून मोकळी होई. चहावर जीव टाकणारा तो माणूस समोरच्या वाफेकडे पाहत मान डोलवी. याविषयी दोघांत कधी अवाक्षर निघाले नाही. काही घरांत मौन हीच काळजी असते.

ते मौन एका फलकाने मोडले. शाळेच्या दालनात आजवरच्या मुख्याध्यापकांची नावे काळ्या लाकडावर सोनेरी अक्षरांत होती; त्यांतली शेवटची नऊ पेंटरकाकांच्या हातची. दहाव्या नावाला ते शिडीवर चढले आणि पहिलेच अक्षर पुसून खाली उतरले. "रंग पातळ झालाय," ते म्हणाले. चौदा महिने झाले, रंग घट्ट झाला नव्हता.

डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांचा उपयोग संपला तेव्हा पुतणीचा फोन आला. ती युरोपातल्या एका देशात प्रयोगशाळेत नोकरीला होती. तिथल्या रुग्णालयात कवटीला चीर न देता, ध्वनिलहरींनी मेंदूतला एक मोहरीएवढा ठिपका तापवून कंप थांबवतात. फक्त आधी हाताची तपासणी होते, आणि कंप पुरेसा गंभीर ठरला तरच पुढे नेतात. "सगळं त्या तपासणीवर आहे, काका," ती म्हणाली.

काकांनी हे नको तितके मनावर घेतले.

त्या परदेशी रुग्णालयातली तपासणीची खोली लहान होती. राखाडी टेबल, चार खुर्च्या, खिडकीत एक कुंडी. डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि सावकाश बोलत. पुतणी मधे बसून मराठीत सांगे. डॉक्टरीणबाईंनी कागदावर शंखासारख्या आत आत वळत जाणाऱ्या दोन रेघा काढलेल्या होत्या. त्या दोहोंच्या मधून, कुठेही न शिवता, तिसरी रेघ काढायची.

काकांनी पेन हातात तोलले, टोक नखावर तपासले, खुर्ची कागदाच्या डावीकडे सरकवली. मग करंगळी टेकली, श्वास रोखला, आणि बेचाळीस वर्षांची सारी पुण्याई त्या एका रेघेत ओतली. रेघ दोन्ही भिंतींच्या मधोमध फिरत केंद्रात जाऊन थांबली. डॉक्टरीणबाईंनी कागद उचलून उजेडात धरला. काका खूश झाले.

पुतणीचा चेहरा उतरला. "त्या म्हणतायत, कंप सौम्य आहे. एवढ्यासाठी मेंदूला हात लावणं योग्य नाही. गोळ्या चालू ठेवा."

बाहेरच्या व्हरांड्यात बाकावर बसेपर्यंत बायकोने दम धरला.

"अहो, तुम्ही तपासणी द्यायला गेला होतात की चित्रकलेची परीक्षा?"

"काढा म्हणाल्या, काढली."

"मग हाताला यायची तशी काढायची ना!"

"अगं, मुद्दाम वाईट कशी काढू? हात तसा वळतच नाही."

"वळत नाही म्हणूनच आलोय ना आपण इथवर!"

पुतणीला हसू फुटले आणि लगेच डोळ्यांत पाणी आले. काका पायांकडे पाहत राहिले. मग ते हलकेच म्हणाले, "परक्या माणसासमोर वेडीवाकडी रेघ... कशी ठेवू गं मी?"

 बायकोने स्वतःच्या हातांकडे पाहिले. सकाळी याच हातांनी तिने त्यांची सगळी बटणे लावली होती, विमानात पदराआडून नळी त्यांच्या पेल्यात सोडली होती. हा माणूस इतका नीटनेटका होऊन त्या टेबलाशी बसला, त्यात तिचाही वाटा होता. ती उठली.

"चल गं," ती पुतणीला म्हणाली, "मी सांगते ते तसंच्या तसं सांग. एकही गोष्ट गाळू नकोस."

आणि तिने सांगितले. अर्धा कप, गळपट्टीचा बहाणा, बँकेत न जुळलेली सही, चौदा महिने कोरी राहिलेली ओळ. काका दाराशी उभे राहून ऐकत होते. आपला आजार त्यांना त्या दिवशी प्रथमच सलग कळत होता. आजवर तो दोघांत वाटून घेतलेला होता. डॉक्टरीणबाईंनी मधेच विचारले, "रेघ काढताना हात कागदाला टेकला होता का? टेकायचा नसतो, हे मी सांगायला हवं होतं." मग खुर्ची टेबलापासून दूर, खोलीच्या मधोमध ओढून त्यांनी काठोकाठ भरलेला पेला काकांपुढे धरला.

काकांनी सवयीने बायकोकडे पाहिले. तिचा हात पुढे झाला होता. तिने तो मागे घेतला, दोन्ही हात पाठीशी नेऊन एकमेकांत घट्ट गुंतवले, आणि होकारार्थी मान हलवली. घ्या.

पेला ओठांपर्यंत पोहोचला तेव्हा त्यात दोन घोट उरले होते. शर्ट, मांडी, जमीन, सगळे ओले. काकांची मान खाली गेली. डॉक्टरीणबाईंनी टॉवेल त्यांच्या खांद्यावर ठेवला आणि हात न टेकता पुन्हा रेघ काढायला सांगितले. या वेळी कागदावर काटेरी तारेचे भेंडोळे उमटले. काकांनी तो कागद उलटा करून ठेवला; डॉक्टरीणबाईंनी तो उलटून फायलीत लावला. पुतणीला भाषांतर करावे लागले नाही.

तिसऱ्या दिवशी त्यांचे डोके तुळतुळीत केले गेले. "मला पाहायला आलात तेव्हा असे दिसला असतात तर मी नाहीच म्हणाले असते," बायको म्हणाली. "अजून वेळ गेलेली नाही," ते म्हणाले. यंत्रात ते तीन तास उताणे होते. थोड्या थोड्या वेळाने कोणी तरी चेहऱ्यासमोर फळी धरी आणि त्यांनी अधांतरी हाताने तीच शंखाकृती रेघ काढायची. पहिल्या दोन काटेरी आल्या. तिसरी मऊ झाली. पाचवी दोन्ही रेघांना शिवली, पण थरथरली नाही. सगळे टाळ्या वाजवू लागले.

"हलली नाही ते ठीक," काका पुतणीला म्हणाले, "पण रेघ बरी नाही. करंगळी टेकू दे म्हणावं, दाखवतो."

दुसऱ्या दिवशी दुपारी, पुतणीच्या स्वयंपाकघरात बायकोने चहा केला आणि हाताच्या सवयीने त्यांचा कप अर्धा भरला. काकांनी तो तिच्याकडे परत सरकवला.

"भर."

"सांडेल."

"सांडू दे. भर तू."

तिने काठापर्यंत भरला. त्यांनी उजव्या हाताने कप उचलला. कोपर टेबलाला नव्हते, श्वास रोखलेला नव्हता. करंगळी एकटीच हवेत, काहीशी ओशाळल्यासारखी. चहा काठाशी डुलला आणि थांबला. त्यांनी एक घोट घेतला, मग दुसरा.

"बघतेस काय? तुझा निवतोय."

 तिची ओंजळ त्यांच्या कपाखाली बशीसारखी धरलेली होती, आणि चहा संपेपर्यंत काकांनी ती बाजूला घे म्हटले नाही.