वयाच्या टाळ्या

"छान, काकू. छान."

श्यामसुंदर सरांच्या तोंडून एवढंच निघालं, की कौशल्याबाई गावंड्यांच्या कपाळावरची शीर तटतटायची. त्यांच्या आधीचा तास ऋषीचा. खराडीत कुठल्याशा कंपनीत मोठ्या हुद्द्यावरचा माणूस, पण सर त्याला काय काय ऐकवायचे!

"आपण पियानो वाजवता आहात की कोथिंबीर निवडता आहात?"

"सर, आज कॉल लांबला, सराव नाही झाला."

"ते ऐकू आलं मला. शेजारच्या दवाखान्यातही आलं असेल. पुन्हा."

कौशल्याबाई दाराशी बाकावर बसून हे ऐकायच्या आणि चक्क जळायच्या. सदाशिव पेठेतल्या त्या पहिल्या मजल्यावरच्या क्लासात सगळ्यांना बोलणी बसायची, फक्त त्यांना नाही. त्यांनी आठ ठिकाणी सूर चुकवला तरी सर मान डोलावणार, "छान, काकू," म्हणणार आणि घड्याळाकडे बघणार. जणू त्या पियानो शिकायला नाही, प्रसाद घ्यायला आल्या होत्या.

पुण्यात तीस वर्षं काढल्यावर त्यांना एक गोष्ट पक्की कळली होती. इथे माणूस गोड बोलला की समजायचं, त्याने तुम्हाला हिशेबातून काढलं. तिरकस बोलला तर आशा आहे.

कौशल्याबाई मूळच्या अकोटच्या. माहेरी भजनी मंडळात पेटी वाजवायच्या, आणि ती अशी, की कुकरची शिट्टी कुठल्या पट्टीत आहे तेही सांगतील. नवरा ज्ञानदेव भोसरीच्या कारखान्यात लागला म्हणून पुण्यात आल्या, संसार झाला, लेक अपेक्षा नोकरीला लागली. तिने हौसेने इलेक्ट्रिक पियानो घेतला, काही आठवडे बडवला आणि मग त्यावर वाळलेले कपडे ठेवायला सुरुवात केली. एक दिवस कपड्यांच्या घड्या उचलता उचलता कौशल्याबाईंनी त्याचं बटण चालू करून एक पट्टी दाबली. ती दाबलेलीच ठेवली. सूर मात्र विरत विरत गेला. पेटीवर भाता चालू आहे तोवर सूर आपला असतो, पाहिजे तेवढा ताणा. इथे एकदा वाजला की तो निघाला. त्यांनी पट्टी आणखी जोरात दाबून पाहिली. तरी गेलाच.

"जातो कुठे हा?" त्या स्वतःशीच म्हणाल्या, आणि पुढच्याच आठवड्यात क्लास शोधला.

सहा वर्षं झाली त्याला. उजवा हात एकटा वाजवत असला की डावा अजून मधूनच हवेत भाता हलवायचा. त्यावरही सर कधी बोलले नाहीत.

मग मागच्या वर्षी एकदा त्या चष्मा विसरल्या म्हणून अर्ध्या जिन्यातून परतल्या, तर वर सर एकटेच वाजवत होते. कौशल्याबाई पायरीवरच थबकल्या. सवयीने त्यांचे कान षड्ज शोधायला लागले. सापडला असं वाटलं, तोच तो हातातून मासळीसारखा निसटला. पुन्हा धरला, पुन्हा गेला. ना सम, ना ठेका. नुसतं पाणी हलत होतं आणि त्यावर उजेड. चष्मा राहिला बाजूला, त्या दारात जाऊन उभ्या राहिल्या.

"सर, याचा षड्ज कुठाय?"

सर दचकले. "अं? काही नाही काकू, असंच. डेब्यूसी म्हणून होता एक फ्रेंच संगीतकार."

"पण षड्ज?"

"त्याने तो मुद्दाम झाकून ठेवलाय. रेघा पुसलेलं चित्र असतं ना, नुसते रंग? लांबून बघायचं."

"मला हे शिकायचंय."

सर हसले, अगदी प्रेमाने, आणि तेच त्यांना लागलं. "काकू, तुमचं ते भावगीत किती सुरेख बसलंय. डिसेंबरच्या कार्यक्रमात लोक डोक्यावर घेतील. यात लोक जांभया देतात."

"देऊ दे. तोंडं त्यांची आहेत."

तरी तीन महिने त्या मागे लागल्या तेव्हा कुठे सरांनी त्याच माणसाची एक छोटी रचना काढून दिली. दोनच पानं. बर्फ पडलाय, सगळं पांढरं, आणि कुणीतरी त्यातून एकटं चाललंय, एवढंच त्यात. एकाच पावलाचे सूर, अडखळत टाकलेले, जवळजवळ शेवटपर्यंत. बोटांना सोपं होतं ते. कौशल्याबाईंनी पंधरा दिवसांत बसवलंसुद्धा.

घरी ज्ञानदेव पेपर बाजूला ठेवून म्हणाले, "काय वं, हे गाणं सुरू कुठी होते न संपते कुठी, काई पत्ताच लागत नाई."

"तुमी चूप बसा. तुमाले नाई समजाचं."

"तुले समजते का?"

त्यांनी पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात केली.

सरांसमोर वाजवलं तो दिवस त्या जन्मात विसरणार नाहीत. पहिलं पान संपलं, दुसरं सुरू झालं. सर "छान" म्हणतील म्हणून त्यांनी आधीच दात आवळून ठेवले होते. सरांनी हात वर केला.

"थांबा. काकू, हा माणूस कुठे चाललाय?"

"बर्फातून."

"नाही. तुमचा माणूस पीएमटीची बस पकडायला चाललाय. स्वारगेटला. आणि त्याला उशीर झालाय."

कौशल्याबाईंनी आवळलेले दात सोडले.

"प्रत्येक पावलाला सम! एक, दोन, आणि धाड! ठेका आहे का हा? पाऊल टाकताना त्याला माहीत नाही, खाली जमीन आहे की नाही. तुम्हाला मात्र पक्कं माहीत आहे. आणि तो डावा हात! पेटी घरी ठेवून या, नाहीतर पेटीच वाजवा, माझा वेळ वाचेल." सर चांगलेच तापले होते. मग एकदम भानावर आले. "म्हणजे... माफ करा हं काकू, मी जरा..."

"माफी मागू नका!" कौशल्याबाई जवळजवळ ओरडल्याच. "आणखी काय चुकलं ते सांगा."

त्या दिवशी येताना त्यांनी पाव किलो पेढे आणले.

"कायचे पेढे वं?" ज्ञानदेव.

"सर बोलले आज मले."

"तारीफ केली?"

"नाई. घालूनपाडून बोलले. पार पीएमटीत बसवलं."

ज्ञानदेवांनी हातातला पेढा खाली ठेवला. "अन् त्याचे पेढे?"

"खा तुमी. इथं ज्याच्यात काई दम दिसते त्यालेच बोलतेत."

पण पाऊल काही बसेना. बर्फ त्यांनी पाहिला होता तो अकोटच्या रसवंतीत, पोत्यात गुंडाळलेला. त्यावरून कोण कशाला चालेल? अपेक्षाने मोबाइलवर हिमालयातले व्हिडिओ दाखवले. त्यात सगळे नाचतच होते. एके सकाळी गादी उन्हात टाकताना उसवलेल्या शिवणीतून कापूस बाहेर आला, आणि कौशल्याबाई तिथेच उभ्या राहिल्या. त्यांना अकोटच्या जिनिंगच्या कारखान्याचं आवार आठवलं. घराएवढे कापसाचे ढीग, आणि त्यांवर चढायची बंदी मोडून चढलेली त्यांची परकरातली स्वारी. पाय टाकला की आवाज नाही. तो आत जातो, जातच राहतो, आता कुठे टेकणार? टेकतो तेव्हाही टेकल्यासारखं वाटत नाही. त्यांनी गादी तशीच कठड्यावर टाकली आणि पियानोशी जाऊन बसल्या.

पुढच्या तासाला सरांनी पूर्ण ऐकलं. खिडकीबाहेर स्कूटर चालू करणाऱ्या माणसावर एकदा खेकसले, तेवढंच. मग म्हणाले, "पेडल अजून गचाळ आहे. नवा सूर लागला की पाय उचलायचा, नाहीतर जुना त्यात मिसळतो. तुम्ही विचार करून उचलता. पण डिसेंबरला हेच वाजवा."

"एक अट आहे."

"अट? माझ्या क्लासात?"

"माझं वय सांगायचं नाही. दरवर्षी ती निवेदिका सांगते, मग लोक टाळ्या वाजवतात. त्या टाळ्या माझ्या जन्मतारखेच्या असतात. मला या दोन पानांच्या पाहिजेत. नाही मिळाल्या तरी चालेल."

सरांनी ते वहीत टिपलं. "सांगतो तिला," म्हणाले.

सरांनी सांगितलंही होतं. पण डिसेंबरच्या त्या संध्याकाळी, ग्रँड पियानो भाड्याने आणून ठेवलेल्या त्या छोट्या सभागृहात निवेदिकेच्या तोंडाला आवर नव्हता. "आणि आता, वय हा फक्त एक आकडा आहे हे सिद्ध करायला येत आहेत, एकसष्ट वर्षांच्या आपल्या चिरतरुण कौशल्याआजी!"

झालं. टाळ्यांचा नुसता कडकडाट. पुढच्या रांगेतल्या दोन बायका उभ्या राहिल्या. कुणी तरी मोबाइल वर धरला. ज्ञानदेवही भाबडेपणाने जोरजोरात टाळ्या पिटत होते. विंगेत सरांनी कपाळावर हात मारून घेतला.

कौशल्याबाई पियानोपाशी आल्या, पण बसल्या नाहीत. त्यांचे कान तापले होते. वर्षभराचं काम, कापसाचा तो पाय, सगळं त्या कडकडाटाखाली बसायच्या आधीच गाडलं गेलं होतं. आता काहीही वाजवलं तरी 'छान, काकू'. निघून जावं? क्षणभर त्यांनी खरोखरच विंगेकडे पाहिलं. मग त्या सरळ माइककडे गेल्या.

"झाल्या वयाच्या टाळ्या?"

पुढच्या रांगेतल्या दोघी खाली बसल्या.

"खूप आभारी आहे. त्या माझ्या आईला पोचवते, वयात माझं काही कर्तृत्व नाही. आता मी जे वाजवणार आहे त्याला जमलं तरच टाळ्या द्या. नाही जमलं तर गप्प बसा, मला चालेल. तुम्हाला जड जाईल."

मागून कुणीतरी खो खो हसलं, मग सगळेच हसले. आणि हसू ओसरल्यावर जी शांतता आली ती वेगळी होती. माणसं खुर्चीत सावरून बसली होती. बघू या, अशी. कौशल्याबाईंना ती शांतता पाहिजे होती. तीत खोड काढायची तयारी होती.

त्या बसल्या. पाऊल टाकलं.

खऱ्या पियानोचा सूर घरच्यासारखा लगेच विरेना. तो लाकडात शिरला, तिथून वर आला, छताखाली जाऊन थांबला. त्या त्याच्यामागे गेल्या नाहीत. जाऊ दिला. दुसरं पाऊल तो जाताना टाकलं, आधी नाही. वर उजव्या हाताचे सूर येत होते, काही बोलायला आल्यासारखे, आणि न बोलता मिटत होते. दुसऱ्या पानावर एका जागी पाय उशिरा उचलला गेला, खालचे सूर एकमेकांत कालवले, त्यांना लख्ख कळलं. चेहरा न हलवता त्या पुढे गेल्या. शेवटचे सूर वाजले, तेव्हा डावा हात मांडीवर निमूट पडून होता. सूर पुरता निघून जाईपर्यंत त्यांनी पाय हलवला नाही.

कुणी टाळी वाजवेना. ज्ञानदेव घाबरून इकडेतिकडे बघायला लागले. मग मधल्या रांगेतून एक टाळी आली, सावकाश, आणि तिच्यामागे हळूहळू बाकीच्या. उभं कुणी राहिलं नाही. मोबाइलवाल्याचा मोबाइल मांडीवरच होता. कौशल्याबाईंनी मान ताठ ठेवून नमस्कार केला. त्या टाळ्या त्यांनी मोजूनमापून घेतल्यासारख्या घेतल्या, कारण त्यातली एकही उसनी नव्हती.

कार्यक्रम संपल्यावर पायऱ्यांपाशी स्वेटर आणि माकडटोपीतले एक गृहस्थ आडवे आले. ओळख ना पाळख.

"दुसऱ्या पानावर पेडल उशिरा सुटलं तुमचं. चिखल झाला तिथे."

"खालच्या सुरांवर ना? कळलं मला."

"कळलं होतं तर करायचं नव्हतं," ते म्हणाले आणि चपला शोधायला लागले. एक पायात सरकवून, दुसरी शोधता शोधता, वर न बघताच म्हणाले, "चाल मात्र नेमकी होती. शेवटपर्यंत त्याला घर सापडलं नाही." आणि गेले.

ज्ञानदेव तणतणत आले. "कोन होता तो म्हातारा? चिखल म्हने! अन् तू हासून राहिली?"

"हासू नाई त काय करू? त्यानं पूर्न आयकलं, अहो. एकेक सूर आयकला त्यानं."

एवढ्या वर्षांच्या संसारात बायको अशी उंच दिसलेली ज्ञानदेवांना आठवत नव्हती. "मले काई समजलं नाई," ते हळूच म्हणाले, "पन मी श्वास नोता घेतला वं."

तोवर त्या निघाल्याही होत्या, माघारी, सभागृहाच्या आत. दिवे अर्धे मालवले होते, खुर्च्या उचलायला सुरुवात झाली होती, पियानोवर अजून झाकण पडायचं होतं. त्यांनी स्टूल ओढलं, दुसऱ्या पानावरची तीच जागा काढली.

"काकू, हॉल रिकामा करायचाय," विंगेतून सर म्हणाले.

"दोन मिनिटं. हा पियानो परत वर्षभर मिळणार नाही."

त्यांनी ती जागा वाजवली. सर येऊन पियानोला टेकून उभे राहिले, हाताची घडी घालून, कपाळाला आठ्या.

"उशीर," ते म्हणाले. "पुन्हा."